गिअरच्या गाडीचं लायसन: लर्निंग कधी काढायचं, परीक्षा कशी द्यायची, कार्ड घरी कसं येतं

दसरा-दिवाळीला तोडीला जायचं आणि मार्च-एप्रिलला गावी परतायचं. बीड जिल्ह्यातल्या हजारो घरांचं वर्ष असं दोन भागांत वाटलेलं असतं. मुकादमाकडून उचल मिळाली की काही घरांत आधी मोटारसायकल येते. बाजारहाट, दवाखाना, मुलांची शाळा, कारखान्यावरची ये-जा, सगळं त्याच गाडीवर चालतं. गाडीचे हप्ते वेळेवर जातात, पण चालवणाऱ्याच्या खिशात लायसन नसतं.

विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. "दहा वर्षं चालवतोय, कुणी अडवलं नाही." "लर्निंग काढलं होतं, पण पुढं जायला जमलंच नाही." दुसरं उत्तर जास्त ऐकू येतं. मोबाईलवर लर्निंग निघतं, त्याची मुदत सहा महिने असते आणि तेवढ्यात तोडीचा हंगाम येतो. माणूस परत येतो तेव्हा लर्निंग संपलेलं असतं. मग पुन्हा पहिल्यापासून फी, पुन्हा परीक्षा. म्हणूनच लर्निंग कोणत्या महिन्यात काढायचं हे ऊसतोड कामगाराच्या घरात आधी ठरवायला हवं.

थोडक्यात महत्त्वाचं

- गिअरच्या मोटारसायकलसाठी वय १८ पूर्ण हवं. शिक्षणाची अट नाही.
- लर्निंग आधारवर, घरी बसून मोबाईलवर निघू शकतं.
- लर्निंग मिळाल्यावर ३० दिवस पूर्ण झाल्याशिवाय पक्क्या लायसनची परीक्षा देता येत नाही.
- लर्निंगची मुदत ६ महिने. त्याच्या आत परीक्षा पास व्हायला हवी.
- लर्निंगवर मागं सवारी बसवता येत नाही. मागं बसणारा शिकवणारा आणि लायसनवाला असेल तरच चालतं.
- विनालायसन गाडी चालवल्यास ५,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

गिअर आणि बिनगिअर: वर्ग दोन आहेत

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार लायसन हे गाडीच्या वर्गाप्रमाणे मिळतं. दुचाकीत दोन मुख्य वर्ग आहेत. एक बिनगिअरची, म्हणजे स्कूटी, मोपेड. दुसरा गिअरची, म्हणजे क्लच दाबून पायानं गिअर टाकायची मोटारसायकल. लायसनवर गिअरच्या वर्गासमोर 'एमसीडब्ल्यूजी' अशी अक्षरं येतात.

गिअरचं लायसन असेल तर बिनगिअरची स्कूटीही चालवता येते. उलटं चालत नाही. बिनगिअरचं लायसन घेऊन मोटारसायकल चालवणारा कायद्याच्या नजरेत त्या गाडीसाठी विनालायसनच असतो. अर्ज भरताना घाईत चुकीच्या चौकटीवर टिक करणारे बरेच असतात. सेवा केंद्रावर दुसऱ्याकडून अर्ज भरून घेताना तर हे हमखास तपासावं. नंतर गिअरचा वर्ग वाढवायचा म्हटलं तर त्या वर्गाचं लर्निंग पुन्हा काढावं लागतं, ३० दिवस पुन्हा थांबावं लागतं, परीक्षा पुन्हा द्यावी लागते आणि वर्ग वाढवण्याची वेगळी फी भरावी लागते.

दुचाकीच्या लायसनवर ट्रॅक्टर, जीप किंवा कार चालत नाही. घरात चारचाकी असेल किंवा पुढं लागणार असेल तर हलक्या मोटार वाहनाचा, म्हणजे 'एलएमव्ही'चा वर्ग त्याच अर्जात टाकणं सोयीचं. लर्निंगची फी प्रत्येक वर्गाला वेगळी लागते, पण कागदपत्रं आणि धावपळ एकदाच होते.

वय किती लागतं?

गिअरच्या गाडीसाठी १८ वर्षं पूर्ण हवीत. १६ वर्षांनंतर मिळणारं लायसन ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरतंच असतं. पूर्वीच्या लुनासारख्या गाड्या त्यात बसत. आज शोरूममधली नेहमीची स्कूटी शंभर सीसीच्या वर असते, त्यामुळं अकरावी-बारावीच्या मुला-मुलींना ती त्या लायसनवर चालवता येत नाही.

बॅटरीच्या गाड्यांबाबतही गैरसमज आहे. ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न पळणाऱ्या आणि पाव किलोवॉटपेक्षा कमी ताकदीच्या गाडीलाच लायसनमधून सूट आहे. त्यापेक्षा जोरात पळणारी बॅटरी स्कूटर असेल तर लायसन लागतं. नंबर प्लेट लागणाऱ्या बॅटरी गाडीला लायसनही लागतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

लर्निंग लायसन: मोबाईलवर कसं काढायचं

महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधारच्या आधारे घरी बसून लर्निंग काढता येतं. त्यासाठी आरटीओत जावं लागत नाही. मात्र आधारला स्वतःचा चालू मोबाईल नंबर जोडलेला असायला हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. नंबर जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रावर ते काम करून घ्यावं. आधारचा मार्ग नको असेल तर साधा अर्ज भरून, वेळ घेऊन आरटीओच्या कार्यालयात किंवा तालुक्याच्या शिबिरात लर्निंगची परीक्षा देता येते.

पायऱ्या अशा आहेत:

१. 'परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन' या सरकारी संकेतस्थळावर 'सारथी' विभाग उघडायचा आणि राज्य महाराष्ट्र निवडायचं.

२. लर्नर लायसन्सचा नवा अर्ज निवडायचा. आधी कोणतंच लायसन नाही, हे सांगायचं.

३. आधारने ओळख पटवायची. नाव, जन्मतारीख, फोटो आणि पत्ता तिथूनच येतो. आधारवर पत्ता चुकीचा किंवा अर्धवट असेल तर तो आधीच दुरुस्त करावा, कारण पुढं कार्ड त्याच पत्त्यावर येतं.

४. रक्तगट, तातडीचा संपर्क नंबर भरायचा. अवयवदानाची इच्छा आहे का, हेही अर्जात विचारतात.

५. गाडीचा वर्ग निवडायचा. इथं गिअरची मोटारसायकलच निवडली आहे ना, हे दोनदा पाहायचं.

६. प्रकृतीबाबत स्वतःचं घोषणापत्र भरायचं. वय ४० च्या वर असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, लागतं.

७. सही अपलोड करायची, फी भरायची, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण पाहायचा आणि मग परीक्षा द्यायची.

प्रकृतीच्या घोषणापत्रावर लोक न वाचता 'नाही, नाही' करत जातात. त्यात फिट येते का, रातांधळेपणा आहे का, लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, असे प्रश्न असतात. चष्मा लावून वाचता येत असेल तरी चालतं. ज्याला २५ मीटरवरची पाटी दिसत नाही, त्याला रात्री पुढं चाललेली बिनदिव्याची उसाची बैलगाडी कशी दिसणार? म्हणून शंका असेल तर आधी डोळे तपासून घेतलेले बरे.

लर्निंगच्या परीक्षेत काय विचारतात

परीक्षेत १५ प्रश्न असतात आणि ९ बरोबर आले की पास. प्रश्न मराठीत घेता येतात. उत्तरं पर्यायांतून निवडायची असतात. घरी परीक्षा देताना मोबाईलचा समोरचा कॅमेरा चालू ठेवावा लागतो. चेहरा चौकटीत नसेल किंवा शेजारी दुसरं कुणी दिसलं तर परीक्षा अडकू शकते. रेंज चांगली असलेली जागा आणि चेहऱ्यावर उजेड, एवढी तयारी करून बसावं.

प्रश्न चार गोष्टींवर असतात: रस्त्यावरची चिन्हं आणि वाहतुकीचे नियम, अपघात झाल्यावर चालकाचं कर्तव्य, फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग ओलांडताना घ्यायची काळजी, आणि गाडीबरोबर बाळगायचे कागद.

चिन्हांची सोपी खूण अशी. लाल गोलातलं चिन्ह बहुतेक वेळा मनाई सांगतं. लाल काठाचा त्रिकोण पुढच्या धोक्याची सूचना देतो, जसं वळण, अरुंद पूल, शाळा. निळी चौकोनी पाटी माहिती देते, जसं दवाखाना, पेट्रोल पंप.

अपघाताच्या प्रश्नाचं उत्तर परीक्षेपुरतं पाठ करायचं नाही. जखमीला जवळच्या दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत कळवणं हे चालकावर कायद्यानं बंधनकारक आहे. जमाव चिडलेला असेल आणि थांबणं धोक्याचं असेल तर निघून जाता येतं, पण पोलीस ठाण्यात कळवावंच लागतं.

दुसऱ्याला बसवून परीक्षा देण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. त्यातून कागद मिळतो, पण चिन्हांची ओळख होत नाही. शिवाय खोटेपणा उघडकीला आला तर लायसन रद्द होऊ शकतं.

लर्निंगवर गाडी चालवताना

लर्निंग हेही वैध लायसन आहे, पण अटींसह. गाडीला पुढं आणि मागं पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. पाटी निदान १८ सेंटिमीटर लांब-रुंद असावी. शिकवणाऱ्याकडं त्याच वर्गाचं पक्कं लायसन असलं पाहिजे.

मोटारसायकलसाठी सर्वात महत्त्वाची अट मागच्या सीटची आहे. शिकाऊ माणसानं मागं कुणालाही बसवायचं नाही. शिकवण्यासाठी बसलेला लायसनवाला एवढाच अपवाद. म्हणजे लर्निंगवर आईला दवाखान्यात नेणं, बायकोला बाजारात नेणं, दोन मुलांना शाळेत सोडणं हे नियमात बसत नाही. गावात हे सर्रास चालतं. पण अपघात झाला तर विमा कंपनी आणि न्यायालय याच अटी पाहतात.

तीस दिवस ते सहा महिने: तोडीचं गणित

लर्निंग मिळालं की पहिले ३० दिवस शिकायचे. त्यानंतर परीक्षेचा दरवाजा उघडतो आणि सहा महिने भरले की बंद होतो. लर्निंगची मुदत वाढवून मिळत नाही. संपलं की नवा अर्ज, नवी फी, नवी परीक्षा.

आता हे तोडीच्या कॅलेंडरवर मांडून पाहू. समजा एखाद्यानं पोळा झाल्यावर, १५ सप्टेंबरला लर्निंग काढलं. त्याला परीक्षा देता येते १५ ऑक्टोबरपासून. नेमकी त्याच वेळी टोळीची बांधाबांध सुरू असते. तो कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकाकडं निघून जातो. लर्निंग मार्चच्या मध्यात संपतं आणि तो तेव्हा फडातच असतो. घरी येईपर्यंत त्या कागदाला किंमत राहिलेली नसते.

तेच लर्निंग गावी परतल्यावर काढलं तर? समजा १ मे रोजी काढलं. ३१ मेपासून परीक्षा देता येते. जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने सलग हातात राहतात. पहिल्या वेळी नापास झालं तरी पुन्हा देता येते. दसऱ्याच्या आधी कार्ड घरी येतं आणि टोळी निघते तेव्हा लायसन खिशात असतं.

म्हणून ऊसतोड कामगाराच्या घरात साधा नियम ठेवावा: लर्निंग अक्षय्य तृतीयेच्या आसपास, पक्कं लायसन पोळ्याच्या आत. जे गावातच असतात, शेती किंवा नोकरी करतात, त्यांनाही पेरणीची घाई सोडून इतर दिवस पाहता येतात. पण लर्निंग निघालं त्याच दिवशी परीक्षेची शेवटची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलेली बरी.

पक्क्या लायसनची परीक्षा: शिबिर की कार्यालय?

बीड जिल्ह्यात आरटीओची दोन कार्यालयं आहेत. बीडच्या गाड्यांना एमएच २३ आणि अंबाजोगाईच्या गाड्यांना एमएच ४४ हा क्रमांक मिळतो. दूरच्या तालुक्यातल्या माणसाला परीक्षेसाठी इतक्या लांब जायचं म्हणजे दिवसाचा रोजगार बुडतो. त्यासाठी मोटार वाहन निरीक्षक तालुक्याच्या गावी ठरलेल्या तारखेला शिबिर घेतात. लोक त्याला 'आरटीओचा कॅम्प' म्हणतात. तारखा आधी जाहीर होतात. सारथीवर परीक्षेची वेळ घेताना कार्यालय की शिबिर हे पाहून निवडायचं. शिबिराच्या जागा लवकर भरतात, म्हणून ३० दिवस पूर्ण होत आले की लगेच वेळ पाहायला लागावं.

परीक्षेला जाताना सोबत काय असावं:

- लर्निंगची प्रत आणि परीक्षेच्या वेळेची पावती
- आधार आणि इतर मूळ कागद
- गिअरची मोटारसायकल, एल पाटीसह
- त्या गाडीचं आरसी, चालू विमा आणि पीयूसी
- हेल्मेट

गाडी स्वतःचीच हवी असं नाही, पण तिचे कागद चालू असले पाहिजेत. विमा संपलेली गाडी घेऊन गेलेला माणूस परीक्षा न देताच परत येऊ शकतो. अर्ज गिअरचा असेल तर स्कूटीवर परीक्षा होत नाही.

आठचा आकडा

दुचाकीची परीक्षा म्हटलं की लोकांना आठवतो तो आठचा आकडा. आखलेल्या रेषांमधून आठच्या आकारात गाडी फिरवायची, पाय खाली टेकवायचा नाही. रस्त्यावर साठच्या वेगानं जाणारा माणूस इथं अडखळतो, कारण हळू चालवणं हे जोरात चालवण्यापेक्षा अवघड असतं.

सरावासाठी गावातलं मोकळं मैदान किंवा सुट्टीच्या दिवशी शाळेचं पटांगण पुरेसं असतं. दोन विटा काही पावलांच्या अंतरावर ठेवून त्यांच्याभोवती आठ काढत राहायचं. गाडी पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये ठेवायची, क्लच अर्धा दाबून वेग सांभाळायचा आणि गरज लागली तर मागचा ब्रेक हलका लावायचा. वळताना पुढचा ब्रेक जोरात दाबला की गाडी आडवी होते. नजर पुढच्या चाकावर नको, जिकडं वळायचं तिकडं हवी.

निरीक्षक फक्त आठ पाहत नाही. निघण्याआधी मागं-पुढं पाहिलं का, आरसा वापरला का, वळताना इंडिकेटर किंवा हाताचा इशारा दिला का, गिअर वेळेवर बदलला का, थांबा म्हटल्यावर गाडी ताब्यात थांबली का, हेही पाहिलं जातं. गिअरचा क्रम प्रत्येक गाडीत सारखा नसतो. काही गाड्यांत सगळे गिअर पुढं दाबून पडतात, काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर. दुसऱ्याची गाडी मागून नेली आणि क्रम माहीत नसला तर तिथंच घोळ होतो. ज्या गाडीवर सराव केला, शक्यतो तीच न्यावी.

नापास झाल्यास सात दिवसांनंतर पुन्हा परीक्षा देता येते. तीन वेळा नापास झाल्यास पुढच्या प्रयत्नासाठी ६० दिवस थांबावं लागतं आणि ठरवून दिलेलं प्रशिक्षणही पूर्ण करावं लागतं. हे सगळं लर्निंगच्या मुदतीत बसवायचं असल्यानं पहिला प्रयत्न लवकर करणं शहाणपणाचं.

खर्च किती?

केंद्रीय नियमांप्रमाणे मूळ फी अशी आहे:

- लर्निंग: प्रत्येक वर्गाला १५० रुपये
- लर्निंगची परीक्षा: ५० रुपये
- चालवण्याची परीक्षा: प्रत्येक वर्गाला ३०० रुपये
- लायसन देण्याची फी: २०० रुपये
- आधीच्या लायसनवर नवा वर्ग वाढवणे: ५०० रुपये

यावर कार्ड, टपाल आणि सेवा शुल्क असे जास्तीचे पैसे लागतात. शेवटची रक्कम सारथीवर फी भरण्याच्या पानावर दिसते आणि तिची पावती मिळते. ती पावती जपून ठेवावी. एजंटमार्फतच अर्ज केला पाहिजे असा कोणताही नियम नाही. कुणाची मदत घेतलीच तर सरकारी फीची पावती वेगळी मागावी, म्हणजे फी किती आणि मदतीचे किती हे कळतं. अर्जावर स्वतःचाच मोबाईल नंबर टाकावा. दुसऱ्याचा नंबर टाकला की पुढचे सगळे ओटीपी आणि निरोप त्याच्याकडं जातात.

कार्ड घरी येताना

पास झाल्यावर लायसनचं कार्ड टपालानं घरच्या पत्त्यावर येतं. वस्तीवर, तांड्यावर किंवा शेतात राहणाऱ्यांचं कार्ड पत्ता अपुरा असल्यानं परत जातं. पत्त्यात वस्तीचं नाव, गावाचं पोस्ट आणि पिनकोड असायलाच हवा. आपल्या पोस्टमनला आधी सांगून ठेवलं तर उत्तम. घर बंद करून तोडीला जाणाऱ्यांनी हे काम आधीच उरकण्याचं आणखी एक कारण हेच.

कार्ड हातात येण्याआधी किंवा ते घरी राहिलं तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अॅपमधलं लायसन पोलिसांना दाखवता येतं. नियमानुसार ते मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे. कार्डाचा व्हॉट्सअॅपवर ठेवलेला फोटो मात्र त्यात धरला जात नाही.

लायसन नसेल तर घरावर काय येतं

दंडाची रक्कम बहुतेकांना माहीत आहे. विनालायसन चालवणाऱ्याला ५,००० रुपयांचा दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विनालायसन माणसाला गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढीच शिक्षा आहे. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, असं असेल तर दोघंही अडकतात.

मुलगा १८ च्या आतला असेल तर प्रकरण आणखी गंभीर होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. त्या मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लर्निंगही मिळत नाही.

खरा फटका बसतो तो अपघात झाल्यावर. समजा विनालायसन चालकाची धडक बसून दुसरा माणूस गेला. न्यायाधिकरणानं भरपाई ठरवली तर न्यायालयं अनेकदा विमा कंपनीला ती आधी द्यायला लावतात, म्हणजे पीडित घर उघड्यावर पडत नाही. पण मग कंपनी तीच रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा स्वर्णसिंग खटल्यातला निकाल याच मुद्द्यावरचा आहे. रक्कम लाखांत असते. उचल फेडता फेडता हंगाम जाणाऱ्या घराला ती पेलत नाही.

चालवणारा मालक स्वतः गेला तरी लायसन आडवं येतं. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. त्याचा हप्ता भरलेला असतो, पण चालकाकडं वैध लायसन असणं ही त्यातली अट आहे. ती पूर्ण नसेल तर कंपनी दावा नाकारते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतही मयत शेतकरी स्वतः गाडी चालवत असेल तर लायसनचा कागद मागितला जातो. म्हणजे ज्या दिवशी घराला पैशाची सर्वात जास्त गरज असते, त्या दिवशी हे कार्ड शोधलं जातं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*लिहिता-वाचता येत नाही, लायसन मिळेल का?*
दुचाकीसाठी शिक्षणाची अट नाही. चिन्हं आणि नियम मात्र माहीत हवेत. घरातल्या शिकलेल्या मुलाकडून ते आधी समजून घ्यावेत. मोबाईलवर प्रश्न वाचणं जमणार नसेल तर आरटीओ कार्यालयात चौकशी करून तिथं परीक्षा द्यावी.

*लायसन किती वर्षं चालतं?*
देताना वय ३० च्या आत असेल तर चाळिशीपर्यंत. ३० ते ५० मध्ये असेल तर दहा वर्षं. ५० ते ५५ मध्ये असेल तर साठीपर्यंत. ५५ नंतर दर वेळी पाच वर्षं.

*संपलेलं लायसन नवं कसं करायचं?*
संपण्याआधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. संपल्यावर एक वर्ष उलटून गेलं तर पुन्हा चालवण्याची परीक्षा द्यावी लागते.

*लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीचं लायसन चालेल का?*
चालेल. लायसन देशभर वैध असतं. पत्ता बदलण्याचा अर्ज सारथीवरच करता येतो. नवं काढण्याची गरज नाही.

*लायसन असताना ट्रिपल सीट चालते का?*
नाही. दुचाकीवर चालक आणि मागं एक, एवढीच परवानगी. ट्रिपल सीटला कायद्यात १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन निलंबनाची तरतूद आहे. हेल्मेट नसेल तरी लायसन तीन महिने निलंबित होऊ शकतं.

*व्हॉट्सअॅपवर आरटीओ चलनाची फाईल आली, उघडायची का?*
उघडायची नाही. 'एपीके' नावाची अशी फाईल मोबाईलमध्ये टाकली की बँकेचे ओटीपी चोरले जातात. आरटीओ किंवा पोलीस व्हॉट्सअॅपवर अॅप पाठवत नाहीत. चलन आहे की नाही हे सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहावं.

*बायकांना गिअरचं लायसन मिळतं का?*
मिळतं. स्त्री-पुरुष असा वेगळा नियमच नाही. घरात मोटारसायकल एकच असेल तर आशाताई, अंगणवाडीताई किंवा शेतावर जाणाऱ्या बाईनं बिनगिअरऐवजी थेट गिअरचाच वर्ग घ्यावा. मग घरातली गाडी आणि शेजारची स्कूटी, दोन्ही चालवता येतात.

आजच करण्यासारखं

घरातल्या गाडीचं आरसी बाहेर काढून मालक कोण ते पाहावं. विमा आणि पीयूसीची तारीख पाहावी. घरात गाडी कोण कोण चालवतं आणि त्यातल्या किती जणांकडं गिअरचं लायसन आहे, हे मोजावं. ज्याच्याकडं लर्निंग आहे त्याची शेवटची तारीख तपासावी. ३० दिवस झाले असतील तर आजच परीक्षेची वेळ घ्यावी. तोडीची तारीख जवळ आली असेल आणि लर्निंग अजून काढलंच नसेल, तर परत आल्यावर एप्रिल-मेमध्ये काढावं. तोपर्यंत गाडीची किल्ली घरात ज्याच्याकडं लायसन आहे त्याच्याच हातात राहू द्यावी.